जावई परदेशात, कागद कुरिअरने : परदेशी असलेल्या जोडीदारापासून घटस्फोटाची कायदेशीर रीत



या पत्रिकेत आपण नेहमी बेणे, खत, पाणी, तोडणी आणि भाव यांविषयी वाचता. या वेळी विषय वेगळा आहे. १९८३ साली शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज निघाले आणि आपल्या जिल्ह्यातील मुले घराजवळ राहून इंजिनिअर होऊ लागली. तिथून पुणे, पुण्याहून अमेरिका, इंग्लंड, दुबई अशी वाट पडली. मुलीही शिकल्या. साहजिकच आपल्या घरांतील सोयरिकी आता साता समुद्रापलीकडे जुळू लागल्या. बहुतेक संसार सुखाचे होतात, पण काही मोडतात. मोडला म्हणजे काय करावे, कुठल्या कोर्टात जावे, हे मात्र कोणाला ठाऊक नसते.

आपले एक सभासद मध्यंतरी एक लिफाफा घेऊन आले. नाव-गाव सांगत नाही. म्हणाले, "साहेब, पोरीले सोडलं म्हनते तिकडच्या कोर्टानं. पोरीनं कागद वाचला अन् तव्हापासून धड जेवली नाही. आता काय करा?" मुलगी लग्नानंतर आठ महिने परदेशात राहून माहेरी आली होती, ती परत गेलीच नव्हती. कागद वाचून पाहिला. तो निकाल नव्हताच. नवऱ्याने तिकडच्या कोर्टात दावा लावला आहे, अमुक दिवसांत उत्तर द्या, एवढाच त्याचा अर्थ होता. दावा लागणे आणि निकाल लागणे यांत उसाची नोंद आणि उसाचे पेमेंट यांइतके अंतर आहे. पण घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. अशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हा लेख.

कोणता कायदा कोणाला लागू

नवरा कुठे राहतो यापेक्षा लग्न कोणत्या कायद्याने लागले, हा प्रश्न पहिला.

दोघेही हिंदू असतील आणि लग्न इथे रीतीप्रमाणे लागले असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही हाच कायदा आहे, हे आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगितले पाहिजे. जावयाने नंतर तिकडचे नागरिकत्व घेतले म्हणून इथे लागलेले लग्न या कायद्यातून सुटत नाही.

दोघांचा धर्म वेगळा असेल, उदाहरणार्थ मुलाने परदेशी मुलीशी इथे रजिस्टर लग्न केले असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो. भारतीय वकिलातीत जाऊन परदेशात लग्न लावले असेल तर परकीय विवाह कायदा, १९६९ पाहावा लागतो. त्यात भारतातील वास्तव्याच्या वेगळ्या अटी आहेत. मुस्लिम भगिनींना १९३९ च्या कायद्याने कोर्टातून विवाह रद्द करून घेण्याचा हक्क आहे. शिवाय २०१९ च्या कायद्याने एका दमात तीनदा तलाक म्हणणे, मग ते फोनवर असो की संदेशाने, बेकायदा व गुन्हा ठरले आहे. ख्रिस्ती कुटुंबांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे. आपल्या सभासदांत हिंदू विवाह कायद्याखालील लग्ने जास्त, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे.

तिकडचा निकाल इथे चालतो का

सगळ्यांत जास्त घोटाळा याच प्रश्नात आहे. नवरा अमेरिकेत दावा लावतो, बायको इथे असते, तिकडचे कोर्ट एकतर्फी घटस्फोट देते आणि तो कागद घेऊन नवरा दुसरे लग्न करायला मोकळा झालो म्हणतो. खरेच मोकळा होतो का?

याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे. परदेशी कोर्टाचा निकाल आपल्याकडे मान्य होतो, पण पुढील सहा बाबतींत होत नाही :

१) ज्या कोर्टाला अधिकारच नव्हता त्याने निकाल दिला असेल.
२) दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात शिरून गुणदोषावर निकाल दिलेला नसेल.
३) आंतरराष्ट्रीय कायदा चुकीचा समजून, किंवा जिथे भारताचा कायदा लागू होतो तिथे तो न मानता निकाल दिला असेल.
४) समोरच्याला आपले म्हणणे मांडायची रास्त संधी मिळाली नसेल.
५) फसवून निकाल मिळवला असेल.
६) भारतातील कायद्याचा भंग करणारी मागणी मान्य केली असेल.

ही कलमे कोरडी वाटतील. म्हणून सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल सांगतो. दोन्ही निकालपत्रे मराठी न्यायमूर्तींनी लिहिलेली आहेत.

पहिला निकाल १९७४ चा, सत्या विरुद्ध तेजासिंग. लग्न १९५५ साली जालंदरला झाले. नवरा १९५९ साली शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. बायको मुलांसह इथेच राहिली. १९६४ साली त्याने नेव्हाडा राज्यातून घटस्फोट मिळवला, कारण तिथे सहा आठवडे राहिल्याचे दाखवले की कोर्ट दावा घेत असे. बायकोने इथे पोटगी मागितली तेव्हा त्याने तो कागद पुढे केला. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांनी निकालपत्रात स्पष्ट केले की हा माणूस नेव्हाडाचा रहिवासी कधी नव्हताच. राहण्याचे सोंग करून, कोर्टाला फसवून त्याने हुकूम मिळवला. तो इथे चालणार नाही. बायकोची पोटगी कायम झाली.

दुसरा निकाल ९ जुलै १९९१ चा, नरसिंहराव विरुद्ध व्यंकटलक्ष्मी. लग्न १९७५ साली तिरुपतीला झाले होते. नवऱ्याने आधी तिरुपतीच्याच कोर्टात घटस्फोट मागितला होता. मग अमेरिकेत मिसूरी राज्यात नव्वद दिवस राहिल्याचे दाखवून तिथे दावा लावला. बायकोने इथूनच हरकतीसह उत्तर पाठवले. १९८० साली तिकडे हुकूम झाला आणि १९८१ साली नवऱ्याने इथे येऊन दुसरे लग्न केले. बायकोने द्विभार्येची फिर्याद केली. नवऱ्याने बचावाला मिसूरीच्या हुकुमाची झेरॉक्स दिली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी तो हुकूम मानला नाही आणि फिर्याद पुढे चालवण्यास सांगितले. नुसती झेरॉक्स हा पुरावा नव्हे, कोर्टाची प्रमाणित प्रत हवी, हेही त्याच निकालात आहे.

या निकालाने सबंध देशाला एक सोपा नियम घालून दिला. लग्न ज्या कायद्याने लागले त्याच कायद्यातील कारणावर घटस्फोट पाहिजे, आणि ज्या कोर्टाला तो कायदा अधिकार देतो त्याच कोर्टाने तो दिला पाहिजे. याला तीन अपवाद आहेत :

अ) ज्याच्याविरुद्ध दावा आहे ती व्यक्ती खरोखर त्याच देशात कायम राहते, आणि कारण आपल्या कायद्यात बसणारे आहे.
ब) ती व्यक्ती राजीखुशीने त्या कोर्टात हजर झाली, आपल्या कायद्यातील कारणावर लढली.
क) तिने घटस्फोटाला संमती दिली.

"संसार पार मोडला आहे, पुन्हा जुळणार नाही" एवढ्याच कारणावर अमेरिकेत घटस्फोट सर्रास मिळतो. आपल्या १९५५ च्या कायद्यात हे कारण नाही. म्हणून इथे राहणाऱ्या बायकोविरुद्ध तिच्या संमतीशिवाय असा हुकूम आणला तर तो इथे बहुधा टिकत नाही. तिचे लग्न कायम राहते. नवऱ्याने दुसरे लग्न केले तर तो गुन्हा होतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली आहे.

मात्र दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. इथे तो हुकूम चालला नाही तरी त्या देशात चालतो. तिथली मिळकत, तिथला व्हिसा, तिथे असलेली मुले यांवर त्याचा परिणाम होतो. सबब "आपल्याकडे चालत नाही ना, मग फेका कागद" असे करू नये.

लिफाफा आला तर काय करावे

तारखेची नोंद करावी. लिफाफा फाडून टाकू नये, त्यावरचा शिक्का पुरावा असतो. आतील कागदावर, विशेषतः संमतीच्या किंवा पोच दिल्याच्या कागदावर, वाचल्याशिवाय सही करू नये. जावई फोनवर "नुसती सही कर, बाकी मी बघतो" म्हणाला तर मुळीच करू नये. एका सहीने वरचा तिसरा अपवाद लागू होतो आणि मग कोणताही वकील काही करू शकत नाही.

परदेशातून समन्स बजावण्याची एक ठरलेली रीत आहे. १९६५ चा हेग येथील करार भारताने स्वीकारला आणि तो आपल्याला १ ऑगस्ट २००७ पासून लागू झाला. त्याप्रमाणे तिकडचे समन्स दिल्लीला केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे यावे लागते आणि तिथून इथल्या कोर्टामार्फत बजावले जाते. परस्पर टपालाने बजावण्यास भारताने या करारात हरकत नोंदवलेली आहे. तेव्हा थेट घरी आलेला लिफाफा ही रीतसर बजावणी नव्हे, हा मुद्दा वकिलामार्फत मांडता येतो.

उत्तर द्यायचेच ठरले तर पहिल्या ओळीतच "या कोर्टाला अधिकार नाही" अशी हरकत घ्यावी. हरकत न घेता तिकडच्या दाव्यात लढत बसले तर अधिकार मान्य केला असा अर्थ निघू शकतो. त्याच वेळी इथल्या कोर्टात आपला दावा दाखल करावा. जरूर तर नवऱ्याने तिकडचा दावा चालवू नये असा मनाईहुकूम मागता येतो. हे सारे मुदतीत करावे लागते. मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते, म्हणून दिवाळीनंतर पाहू म्हणून चालत नाही.

आपल्याला इथे दावा लावायचा असेल तर

आता उलट बाजू. मुलगी इथे आहे, नवरा नांदवत नाही, नेत नाही, फोन उचलत नाही. तिला मोकळे व्हायचे आहे. यासाठी तिला अमेरिकेला जायची गरज नाही.

कुठल्या कोर्टात : लग्न जिथे लागले, शेवटी दोघे जिथे एकत्र राहिले, किंवा समोरचा जिथे राहतो, तिथे. शिवाय २००३ च्या दुरुस्तीपासून बायको जिथे राहते तिथेही तिला दावा लावता येतो. समोरचा देशाबाहेर असेल तर अर्जदार, मग तो नवरा असला तरी, आपण राहतो तिथे लावू शकतो. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे ते, नाही तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे काम चालते. त्यांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात आणि पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येते.

कोणत्या कारणावर : छळ, दोन वर्षे सतत टाकून देणे, व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षे जिवंत असल्याचा पत्ता नसणे इत्यादी. लग्नाला एक वर्ष होण्याआधी सहसा दावा घेत नाहीत. टाकून दिल्याचे कारण असेल तर दोन वर्षे कधीपासून मोजायची हे कागदाने दाखवावे लागते. विमानाचे तिकीट, पासपोर्टावरचे शिक्के, पाठवलेले संदेश हे सगळे जपून ठेवावे.

समन्स : वेळ जातो तो इथे. हेग करारात असलेल्या देशांत, उदाहरणार्थ अमेरिका आणि इंग्लंड, ठरलेल्या नमुन्यात कागद भरून इथल्या कोर्टामार्फत पाठवावे लागतात. त्या देशाची भाषा वेगळी असेल तर भाषांतरही लागते. करारात नसलेल्या देशांत वकिलातीमार्फत वाट काढावी लागते. याला कित्येक महिने लागतात. म्हणून जावयाचा घरचा व नोकरीचा पत्ता बिनचूक हवा. पत्ता चुकला की समन्स परत आणि तारीख पुढे. कोर्टाची परवानगी घेऊन जोडीला ई-मेलनेही समन्स पाठवता येते. रीतसर बजावणी होऊनही तो आला नाही तर काम एकतर्फी चालते, पण पुरावा तरीही द्यावा लागतो.

दोघांची संमती असेल तर : हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, अर्ज दोघांचा असावा, सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी कोर्टापुढे तेच सांगावे. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, असे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितले. परदेशात असलेला जोडीदार मुखत्यारपत्र देऊन आणि कोर्टाच्या परवानगीने व्हिडिओवरून हजर राहून काम पुरे करू शकतो. मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल शिक्क्यासह आणावे.

हुकूम झाला म्हणून लगेच दुसरी सोयरीक करू नये. अपिलाची ९० दिवसांची मुदत संपू द्यावी, आणि अपील झालेले नाही याची खात्री करावी.

पोटगी आणि स्त्रीधन

दावा चालू असतानाच खर्चासाठी व पोटगीसाठी अर्ज करता येतो. घटस्फोट नको असेल तरी पोटगी मागता येते. २०२० सालापासून सुप्रीम कोर्टाच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बाजूंना आपली मिळकत प्रतिज्ञापत्रावर उघड करावी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलगी तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज करू शकते.

हुकूम मिळाला तरी वसुली ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडसारख्या काही देशांशी पैशाचे हुकूम एकमेकांकडे बजावण्याची व्यवस्था आहे, अमेरिकेशी ती नाही. म्हणून जावयाच्या स्वतःच्या नावावर इथे काय आहे ते पाहावे. शेत असेल तर सातबारा आणि आठ-अ काढावा, प्लॉट असेल तर त्याचा उतारा. त्यावर जप्ती आणता येते. सासऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर मात्र सहसा हात घालता येत नाही, हेही समजून असावे. नवऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो समन्स किंवा वॉरंट निघूनही येत नसेल, तर ते पासपोर्ट कार्यालयाच्या नजरेस आणता येते. कायद्याने पासपोर्ट जप्त करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला आहे.

लग्नात मुलीला दिलेले दागिने, भांडीकुंडी तिचे स्त्रीधन. त्याची यादी आणि सराफाची पावती असावी. आपण उसाच्या एकेका खेपेची काटापावती जपतो, पण पोरीच्या दहा तोळ्यांची पावती कुठे आहे ते सांगता येत नाही. हे बरे नव्हे.

मुले असतील तर

मूल तिकडे जन्मले आणि आई त्याला घेऊन माहेरी आली, म्हणजे प्रश्न नाजूक होतो. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याविषयी १९८० चा एक हेग करार आहे, भारत त्यात सामील नाही. इथले कोर्ट मुलाचे हित कशात आहे हे पाहून निर्णय देते. परदेशी कोर्टाचा हुकूम विचारात घेते, पण तोच शेवटचा शब्द मानत नाही. तरीही नवऱ्याला न सांगता मूल घेऊन येण्याआधी वकिलाला विचारावे, कारण तिकडे तो गुन्हा ठरू शकतो.

मुलाने परदेशी बायको केली असेल तर

मुलगा आणि परदेशी सून दोघे तिकडेच राहतात, तिथल्या कोर्टात दोघांच्या संमतीने वेगळे होतात, तर तो निकाल इथेही सहसा मान्य होतो. पण मुलाचे इथे दुसरे लग्न करायच्या आधी त्या हुकुमाची प्रमाणित प्रत अपोस्टिल करून आणावी. सुनेला भारतीय नवऱ्यामुळे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळाले असेल तर घटस्फोटानंतर ते रद्द होऊ शकते. आपला मुलगा असला तरी, सुनेला न कळवता चोरून हुकूम आणण्याचा सल्ला त्याला देऊ नये. जो नियम जावयाला, तोच मुलाला.

लग्नाआधीच सावध असावे

१९९४ साली सुप्रीम कोर्टाने अशाच एका परित्यक्तेच्या प्रकरणात सरकारला सुचवले होते की इथे लागलेले लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, आणि बायकोला नवऱ्याच्या इथल्या व तिथल्या मिळकतीतून पुरेशी पोटगी मिळावी असा कायदा करावा. २०१९ साली राज्यसभेत परदेशस्थांच्या विवाहनोंदणीचे विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस केली. सरकार करील तेव्हा करील, आपण आपले दार लावून घ्यावे :

– लग्नाची नोंदणी ताबडतोब करावी. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे. उसाची नोंद राहिली तर तोड मिळायला अडचण येते. लग्नाची नोंद राहिली तर कोर्टात पहिली अडचण तिथेच.
– मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचे पत्र आणि तिकडचा पत्ता यांच्या प्रती आधीच घ्याव्यात. आधी लग्न झाले होते का, हे तिकडच्या ओळखीच्या माणसाकडून काढावे. यात लाजण्यासारखे काही नाही. बैल घेताना आपण दात पाहतो.
– पंधरा दिवसांच्या सुट्टीत पाहणे, साखरपुडा, लग्न सगळे उरकण्याची घाई करू नये.
– मुलीने आपला पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, प्रत माहेरी असावी, तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन तिला पाठ असावा.

मदत कुठे मिळेल

कोर्टाच्या खर्चाला भिऊन गप्प बसू नये. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी बुलडाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. मुंबईला राज्य महिला आयोग आहे. मुलगी तिकडेच अडकली असेल तर भारतीय वकिलातीकडे मदत मागावी.

आता त्या सभासदांच्या मुलीचे. तिने मुदतीच्या आत हरकतीचे उत्तर पाठवले. विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाईंनी इथल्या कोर्टात तिचा दावा व पोटगीचा अर्ज दाखल केला. समन्स तिकडे गेले आहे, बजावणी व्हायची आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. ती सध्या तालुक्याला एका शाळेत शिकवायला जाते. वडील परवा हिशेबाच्या कामाला आले होते. म्हणाले, "कागद समजला अन् अर्धं दुखणं गेलं बघा."

हा लेख वकिलाची जागा घेऊ शकत नाही, प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळे असतात. पण घरी लिफाफा आला तर घाबरून चूल विझवू नये. लिफाफा जपून ठेवावा, तारीख लिहावी, सही करू नये आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढावी. तिथे पोरीलाही सोबत न्यावे आणि तिचे म्हणणे तिलाच सांगू द्यावे.